घरचा हिशेब : चांदीचे मोठे रुपये – ठेवावेत, मोडावेत की नवे घ्यावेत?

भगिनींनो, या आठवड्याचं पत्र कोल्हापूरहून आलं आहे. पत्र लिहिणाऱ्या ताईंच्या सासूबाईंनी अखेरच्या आजारपणात त्यांना जवळ बोलावून एका मऊ फडक्यात बांधलेले २२ जुने रुपये हाती दिले. "हे तुझे," एवढंच म्हणाल्या. आता घरात तीन मतं झाली आहेत. यजमान म्हणतात, बावीस रुपये म्हणजे बावीस तोळे चांदी, भाव चांगला आहे तोवर गुजरीत नेऊन मोडून टाकू. जाऊबाई म्हणतात, मोडायचं कसलं, उलट भर घाल. त्या स्वतः दर धनत्रयोदशीला लक्ष्मीचं १०० ग्रॅमचं नाणं घेतात. आणि ताईंच्या हातात नुकतेच भिशीचे पैसे आले आहेत, पण येत्या जूनमध्ये मुलीची कॉलेजची फी भरायची आहे. "चांदीची मोठी नाणी साठवणं खरंच फायद्याचं असतं का? की नुसतंच कपाटात ओझं?" असं त्या विचारतात.

प्रश्न एकट्या ताईंचा नाही. पाडव्याला ओवाळल्यावर तबकात पडलेलं, भाऊबिजेला भावाने दिलेलं, बारशाला बाळाच्या हाती ठेवलेलं एखादं तरी चांदीचं नाणं आपल्या प्रत्येकीच्या कपाटात असतंच. म्हणून जरा सविस्तर पाहू.

पहिली गोष्ट अशी की चांदीच्या नाण्याला एक नाही, तीन किमती असतात. एक त्यावर छापलेली, दुसरी त्यातल्या चांदीची आणि तिसरी हौशी संग्राहक देईल ती. आपण नाणं घेतो तेव्हा यांतली कोणती किंमत मोजतो आणि विकतो तेव्हा कोणती हाती पडते, एवढं कळलं की निम्मा प्रश्न सुटतो. बहुतेक घरांत गफलत होते ती इथेच.

बावीस रुपये म्हणजे बावीस तोळे नव्हेत

जुना इंग्रजी रुपया वजनाला बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. म्हणूनच "रुपयाभार" हे वजन आपल्या आज्या वापरत. पण तो रुपया कधीही शंभर नंबरी चांदीचा नव्हता. त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी असे आणि एक भाग हिणकस. म्हणजे न झिजलेल्या रुपयात शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम.

आणि हेसुद्धा सगळ्या रुपयांना लागू नाही. दुसरं महायुद्ध सुरू झालं, लोक चांदीचे रुपये घरात दडवू लागले आणि १९४० साली सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. १९४० ते १९४५ या सालांच्या रुपयात शुद्ध चांदी फक्त ५.८३ ग्रॅम असते. बाकीचं तांबं, निकेल आणि जस्त. जुने चांगल्या चांदीचे रुपये १९४१ ते १९४३ या काळात टप्प्याटप्प्याने व्यवहारातून बाद करण्यात आले. म्हणजे आज त्यांच्यावर छापलेल्या किमतीला काही अर्थ नाही, उरते ती चांदीची किंमत आणि हौसेची. १९४७ च्या रुपयावर तर मागे डौलदार वाघ आहे, दिसायला झकास, पण त्यात चांदीचा कणही नाही. तो निव्वळ निकेलचा. स्वातंत्र्यानंतर १९५० साली निघालेला सिंहांच्या शिक्क्याचा रुपयाही निकेलचाच.

तेव्हा ताई, फडकं सोडा आणि नाणी सालवार मांडा. विणकामाच्या डब्यात किंवा मुलांच्या खेळण्यात लोहचुंबक असेल तर तो लावून पाहा. निकेलचा रुपया चुंबकाला चटकन चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. मात्र चिकटला नाही म्हणून तो चांदीचाच, असं समजू नका, कारण तांबं-पितळही चिकटत नाही.

आता हिशेब करू. समजा बावीसपैकी १४ रुपये १९४० च्या आधीचे आहेत, ६ रुपये १९४० ते १९४५ मधले आणि २ वाघाचे. पहिल्या चौदांत शुद्ध चांदी सुमारे १४९.७ ग्रॅम, पुढच्या सहांत ३५ ग्रॅम, वाघांत शून्य. एकूण झाली १८४.७ ग्रॅम. यजमानांच्या बावीस तोळ्यांचे मात्र २५६.५ ग्रॅम होतात. म्हणजे जवळजवळ ७२ ग्रॅमचा फरक! झीज झाली असेल तर आणखी थोडी तूट धरा. सराफाने बावीस तोळ्यांचा भाव दिला नाही म्हणून तो फसवतोच आहे असं नव्हे. पण उलटही खरं. तुम्हाला हे गणित येत नसेल तर चांगल्या चांदीचे चौदा रुपयेसुद्धा निम्म्या चांदीच्या भावात जायला वेळ लागत नाही.

आपल्या कोल्हापूरकर भगिनी या बाबतीत भाग्यवान आहेत. गुजरीत सराफांची पेढी पेढीला लागून आहे, आणि हुपरीसारखं चांदीच्या कामाचं गाव हाकेच्या अंतरावर आहे. पलीकडे सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली मंडळी तर गलाईच्या म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. टंच काढणारी यंत्रं आता या भागात सर्रास आहेत. नाणं न कापता, न वितळवता थोड्या पैशांत शुद्धतेची चिठ्ठी मिळते. ती आधी घ्या, दोन-तीन ठिकाणी भाव विचारा आणि मगच "मोड" हा शब्द तोंडातून काढा.

हौसेची किंमत कधी मिळते?

काही रुपयांना चांदीपेक्षा जास्त किंमत येते. ती नाण्याच्या वयावर नसते, तर ते किती दुर्मिळ आहे आणि कसं राखलं आहे यावर असते. राणीछाप रुपया सव्वाशे वर्षांचा असला तरी असे रुपये टांकसाळींनी कोट्यवधींनी पाडले होते. त्यामुळे झिजलेल्या, नेहमीच्या सालाच्या रुपयाला चांदीच्या किमतीहून फार काही सुटत नाही. याउलट सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया दुर्मिळ समजला जातो. १९११ च्या रुपयाची तर गंमत आहे. पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि १९१२ पासून तो हत्ती सुधारून घ्यावा लागला. असे रुपये संग्राहक आवर्जून शोधतात, आणि म्हणूनच त्यांचे नकली नमुनेही बाजारात निघतात. तेव्हा "दुर्मिळ साल" म्हणून कोणी घरी येऊन विकू लागला तर मोहात पडू नका.

घरातल्या नाण्यांची हौसेची किंमत आपण स्वतःच घालवतो, हेही सांगायला हवं. पूजेआधी चिंच, राख किंवा भांडी घासायची पावडर लावून नाणं चकचकीत करतो ना, त्या घासण्याने त्यावरची बारीक नक्षी जाते आणि ओरखडे उठतात. संग्राहक अशा नाण्याकडे ढुंकूनही पाहत नाही. कडी लावून माळेत ओवलेल्या नाण्याचीही तीच गत, कारण डागाची खूण कायम राहते. जुनी नाणी कोमट पाण्याने नुसती धुवावीत, मऊ सुती कापडाने टिपून पूर्ण कोरडी करावीत आणि प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पाकिटात ठेवावं. रबरबँड लावू नका. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. काळेपणा आला तर येऊ द्या, त्याने चांदी कमी होत नाही.

आणखी एक सावधगिरी. मोबाइलवर जाहिराती येतात, "तुमच्या जुन्या नाण्याला लाखो रुपये." फोन केला की नोंदणीचे, कराचे, कमिशनचे पैसे आधी भरा म्हणतात. काही तर रिझर्व्ह बँकेचं नाव सांगतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर पत्रक काढून सांगितलं आहे की बँक असा कोणताही व्यवहार करत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. विकणाऱ्याकडूनच पैसे मागणारा खरेदीदार असूच शकत नाही, हे ध्यानात ठेवा.

सरकारी मोठी नाणी

काही भगिनींकडे सरकारने काढलेली स्मारक नाणी असतात. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीचं दहा रुपयांचं नाणं निघालं. १५ ग्रॅम वजन, त्यात ८० टक्के म्हणजे १२ ग्रॅम चांदी. पुढे चांदीचं प्रमाण घटलं. १९७३ चं "अधिक धान्य पिकवा" आणि १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षाचं पन्नास रुपयांचं नाणं घ्या, त्यांत निम्मीच चांदी. अलीकडे २०२३ साली नव्या संसद भवनानिमित्त ७५ रुपयांचं नाणं काढलं, तेही ३५ ग्रॅम वजनाचं, पण चांदी ५० टक्के, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. आकार मोठा, पेटी सुंदर, आणि विक्रीची किंमत छापील किमतीच्या कितीतरी वर.

ही नाणी आवड म्हणून, लेकीच्या जन्मसालाची आठवण म्हणून जरूर घ्या. पण गुंतवणूक म्हणून घेणार असाल तर आधी त्यातली चांदी मोजा. जे पैसे त्या चांदीच्या वर मोजले ते परत मिळायला तुमच्याइतकीच हौस असणारं गिऱ्हाईक शोधावं लागेल. ते गुजरीत रोज मिळत नाही.

धनत्रयोदशीचं लक्ष्मीचं नाणं

आता जाऊबाईंच्या नाण्याकडे वळू. ही नाणी शुद्ध चांदीची मिळतात, ही त्यांची जमेची बाजू. पण खर्च पाहा. हिशेब सोपा व्हावा म्हणून समजा चांदी ग्रॅमला १०० रुपये आहे. १०० ग्रॅमच्या नाण्यात चांदी झाली १०,००० रुपयांची. घडणावळ आणि पॅकिंग मिळून समजा ८ टक्के, म्हणजे ८०० रुपये. या १०,८०० वर ३ टक्के जीएसटी ३२४ रुपये. नाणं पडलं ११,१२४ रुपयांना. दुसऱ्याच दिवशी अडचण आली आणि विकायला गेलात, सराफाने ५ टक्के कापले तर हाती येतील ९,५००. म्हणजे सोळाशेच्या वर रुपये गेले! चांदीचा भाव १७ टक्के वाढेल तेव्हा कुठे तुम्ही बरोबरीत याल, नफा त्यानंतर.

हे आकडे पेढीगणिक बदलतात, म्हणून खरेदीच्या वेळी दोन प्रश्न विचाराच. "चांदीच्या भावावर घडणावळ किती?" आणि "परत आणलं तर किती कापाल?" दुसऱ्याचं उत्तर पावतीवर लिहून घ्या. लहान नाण्यांवर ग्रॅममागे घडणावळ जास्त पडते. पाच-पाच ग्रॅमची वीस नाणी घेण्यापेक्षा १०० ग्रॅमचं एक साधं नाणं स्वस्त पडतं, ही मोठ्या नाण्याची खरी सोय. रंगीत चित्राचं, मीनाकामाचं, काचेच्या पेटीतलं नाणं गुंतवणुकीसाठी नको. पेटीचे पैसे कोणी परत देत नाही. चांदीच्या वस्तूंवरही हॉलमार्कची सोय आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक देणं सुरू झालं आहे, सक्तीचं नसलं तरी. मिळत असेल तिथे तशीच वस्तू मागा.

भाव चढतो तसा पडतोही

"चांदीचा भाव काय, वाढतच जाणार" असं घरोघरी ऐकू येतं. थोडा इतिहास पाहा. १९७९ च्या सुरुवातीला जगाच्या बाजारात औंसाला सहा डॉलरच्या आसपास असलेली चांदी जानेवारी १९८० मध्ये पन्नास डॉलरच्या जवळ गेली. अमेरिकेतल्या हंट बंधूंनी प्रचंड साठा केला होता. २७ मार्च १९८० ला एका दिवसात भाव निम्म्यावर आला. पन्नासच्या जवळ तो पुन्हा पोचायला २०११ साल उजाडलं, तब्बल एकतीस वर्षांनी.

आपल्याकडे पाहा. एप्रिल २०११ मध्ये किलोला सत्तर हजारांच्या वर गेलेली चांदी २०१५ च्या अखेरीस पस्तीस हजारांच्या आसपास आली होती. २०११ चा तो भाव परत दिसला २०२० मध्ये. ज्या बाईने २०११ साली घेऊन २०१५ साली मुलाच्या शिक्षणासाठी विकली, तिचे पैसे निम्मे झाले. जिने २०१५ ला घेऊन २०२५ पर्यंत ठेवली तिचे कितीतरी पट झाले, कारण २०२५ च्या अखेरीस भाव दोन लाखांवर गेला होता. दोघीही शहाण्याच होत्या. फरक इतकाच की एकीला ठरावीक तारखेला पैसे लागणार होते. शिवाय बँकेतल्या ठेवीवर व्याज येतं, चांदीवर छदामही येत नाही. ती नुसती पडून असते.

नाणी कोणाची?

आता जे कोणी बोलत नाही ते बोलू. सासूबाईंनी "हे तुझे" म्हणून दिलेले रुपये ताईंचे आहेत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीला भेट म्हणून किंवा वारशाने मिळालेली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची होते. आणि १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की स्त्रीधन हे पत्नीचंच. ते सासरच्या कपाटात ठेवलं म्हणून नवऱ्याचं किंवा दोघांचं मिळून होत नाही. याचा अर्थ यजमानांशी भांडावं असा नाही. घरच्या गरजेला आपण आपलं देतोच. पण देणं आपल्या समजुतीने व्हावं, "तुला काय कळतं त्यातलं" म्हणून नको.

यासाठी एक वही करा. प्रत्येक नाण्याचं साल, वजन, कोणी कधी दिलं, पावती असल्यास तिचा क्रमांक, आणि दोन्ही बाजूंचा फोटो. वही नाण्यांपासून वेगळी ठेवा. चोरी झाली, वाटणी आली, विकायची वेळ आली, तिन्ही वेळी ही वही उपयोगी पडते. चांदी दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवून विकली तर जुलै २०२४ पासूनच्या नियमाने नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. तिथेही किती जुनी, कितीला घेतली हे वहीतूनच सांगता येईल.

जुना वाडा पाडताना नाण्यांचं गाडगं सापडलं तर गोष्ट वेगळी. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तू निघाल्या, त्या आज टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहेत. आपल्या जमिनीखाली काय असेल सांगता येत नाही. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा कलेक्टरला कळवणं १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. आणि लेक-जावई परदेशी असतील तर शंभर वर्षांहून जुना रुपया आठवण म्हणून त्यांच्या सामानात घालू नका. तो कायद्याने पुरावस्तू ठरतो, देशाबाहेर नेता येत नाही.

तर ताई, आमचा सल्ला

जूनच्या फीचे पैसे चांदीत अजिबात घालू नका. भिशीची रक्कम बँकेत किंवा पोस्टात ठेवा. ज्या पैशाला तारीख आहे त्याची जागा तिथे.

बावीस रुपयांपैकी वाघाचे, निकेलचे वेगळे काढा, मुलांना दाखवायला उपयोगी. बाकीच्यांची सालवार यादी करून टंच काढा. १९११, १९३९ किंवा न वाटणारं एखादं साल निघालं तर जाणकाराला दाखवल्याशिवाय मोडू नका. बाकीचे नेहमीच्या सालांचे असतील तर ते मोडायची घाई नको. त्यांच्यावर घडणावळ भरलेली नाही, जीएसटी भरलेला नाही, त्यामुळे घरात असलेली ही सर्वांत स्वस्त चांदी आहे. मोडून त्याचेच पैंजण केलेत तर घट आणि मजुरी दोन्ही जाईल. अगदीच नड आली तर विकण्याआधी बँकेत चौकशी करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नियमांत चांदीचे दागिने आणि नाणी तारण ठेवून कर्ज देण्याची तरतूद आहे, अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६. नाण्यांची मर्यादा माणशी ५०० ग्रॅम. चांदीच्या विटेवर मात्र असं कर्ज नाही. कोणती नाणी चालतील ते बँक सांगेल, म्हणून वही आणि टंचाची चिठ्ठी बरोबर न्या.

नवी नाणी घ्यायची तर वर्षाकाठी एखादं, साधं, कमी घडणावळीचं, पक्क्या पावतीसह आणि पावती स्वतःच्या नावाची. जी रक्कम दहा वर्षं लागली नाही तरी चालेल तेवढीच. घरातल्या एकूण शिलकीचा तो लहानसा हिस्सा असावा, सगळी शिल्लक नव्हे. चोरीची भीती वाटत असेल आणि डीमॅट खातं असेल तर २०२२ पासून सिल्व्हर ईटीएफही मिळतात. त्यात घडणावळ नाही, राखण नाही. फक्त पाडव्याच्या तबकात ते ठेवता येत नाही, एवढंच.

जाऊबाईंनाही ही वही दाखवा. त्यांच्याकडे इतक्या वर्षांची नाणी आहेत, त्यांच्या पावत्या कुठे आहेत ते एकदा दोघींनी मिळून शोधा.